वन्संना क्लाउड शिकवताना

४ मार्च, सोमवार

मोठ्या डॉक्टरांनी आज वर बोलावलं. मला वाटलं एसीचं असेल, कारण जिन्याखालच्या सर्व्हरच्या खोलीतला एसी आठवडाभर खोकतोय आणि माझ्या निरोपांना कुणी भीक घालत नाही. पण ते "बसा" म्हणाले. हे डॉक्टर पेशंटलासुद्धा "हनुवटी टेका" यापलीकडे काही म्हणत नाहीत. बसा म्हटल्यावर एसीचं नाही एवढं कळलं.

"जिन्याखालची खोली बंद करतोय आपण," ते म्हणाले. "सगळं क्लाउडवर जाणार."

क्लाउड म्हणजे लांब कुठेतरी, दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीची मोठाली मशीनं, जी आपण भाड्याने वापरायची. एवढं मलाही माहीत आहे. पेशंटच्या नोंदी, डोळ्यांच्या पडद्याचे फोटो, ऑपरेशनचे कागद, सगळं आता तिकडे राहणार. मी विचारलं, "मग मी काय करायचं?"

"पेशंटची माहिती आहे, बाई. ज्याला कळतं त्याच्याच हातात द्यायला हवी. क्लाउडची एक पहिल्या पायरीची परीक्षा असते. एप्रिलअखेर पास झालात तर काम तुमचं. नाहीतर बाहेरची कंपनी बघेल आणि तुम्ही खाली काउंटरवर बसा. पगारात फरक पडणार नाही."

मी या डोळ्यांच्या दवाखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. सर्व्हर बसवायला आलेल्या माणसामागे पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहून राहून मी ते काम उचललं. आता मशीन अडलं की मोठे डॉक्टरसुद्धा जिना उतरून माझ्याकडे येतात. काउंटरवर टोकन द्यायचं आणि "पुढचे या" म्हणायचं. ते काम हलकं आहे असं नाही, पण ते माझं नाही. मला माझं काम हवंय.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "होशील की पास." त्याला सगळंच "होईल की" वाटतं. म्हणून तर न्हाणीघरातला नळ अजून गळतोय.

७ मार्च, गुरुवार

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसले. पहिल्या धड्यातच इतके नवे शब्द आले की एक कळेपर्यंत आधीचा निसटला. तेवढ्यात वन्सं समोरची खुर्ची ओढून बसल्या.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्नात सासूबाईंनी "वन्संच म्हणायचं" असं बजावलं, ते जिभेला चिकटलं, नाहीतर हल्ली कोण म्हणतं. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. गेल्या वर्षी त्यांचे यजमान गेले, तेव्हापासून आमच्याकडे असतात. आमचा मुलगा हॉस्टेलवर, म्हणून त्याची खोली त्यांना दिली. आमचं काही वाकडं नाही. पण त्या घरात असल्या की कुणीतरी सतत माझी वही तपासतंय असं वाटतं. मी भांडी लावली की त्या परत लावतात. बोलत काही नाहीत, फक्त परत लावतात.

"मला पण शिकव," म्हणाल्या. "वेळ जात नाही."

"क्लाउड शिकून काय करणार तुम्ही, वन्सं?"

"काही नाही. कानावर पडेल."

नवरा वर्तमानपत्राआडून खोकला. त्याला हसू आलं की तो खोकतो. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही. स्वतःला कळायची मारामार, त्यात हे लोढणं गळ्यात.

९ मार्च, शनिवार

वन्संचं डोकं चालत नाही. असं लिहू नये, पण इथे खरं लिहायचं नाही तर कुठे लिहायचं. पहिलाच साधा मुद्दा: जबाबदारी वाटून घ्यायची असते. काही गोष्टी क्लाउडवाल्यांनी सांभाळायच्या, काही आपण. मी वाचून दाखवलं. वन्संचा चेहरा कोरा. परत वाचलं. परत कोरा. म्हणाल्या, "पुस्तकातलं नको वाचूस. तुझं सांग."

शेवटी म्हटलं, भाड्याचं घर समजा. छत गळलं तर मालकाचं काम. आपण दार उघडं टाकून गेलो आणि चोरी झाली तर आपली चूक. मालकाकडे जाऊन भांडता येत नाही.

"हां," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आणि दाराची किल्ली मालकाकडेच असली तर?"

हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, तसं नसतं. म्हणाल्या, "नसतं का? बरं." आणि शेंगा सोलत बसल्या. आता माझ्या डोक्यात किल्ली अडकली. शोधायला गेले तर किल्ल्यांवर अख्खा एक धडा निघाला. माहिती कुलूपबंद करून ठेवतात, आणि किल्ली त्यांच्याकडे ठेवायची की आपल्याकडे हे आपण ठरवायचं. मी तो धडा सोडूनच दिला होता. वन्संच्या वेड्या प्रश्नापायी सगळी संध्याकाळ त्यात गेली.

१३ मार्च, बुधवार

दवाखान्यात सगळ्यांना कळलंय. चष्म्याचे नंबर काढणारा आमचा तपासनीस जाता-येता विचारतो, "काय पुटपुट, ढगात कधी जाताय?" त्याने मला पुटपुट हे नाव का ठेवलंय देव जाणे. म्हणे मी नोंदी तपासताना सगळं तोंडाने म्हणते. मी म्हटलं, दिवसभर तुझ्या खोलीतून लोकांचं अक्षरं वाचणं ऐकून तुझे कान बिघडलेत. आमच्या दवाखान्यात सगळेच मोठ्याने वाचतात, मी तेवढी मनात वाचते.

दुपारी खोलीत जाऊन थोडा वेळ नुसती उभी राहिले. तिथे बारा महिने गार असतं, माझी शाल खुंटीला कायमची लटकलेली. पंख्यांचा आवाज बदलला की मला जिन्यातूनच कळतं कुठल्या मशीनचं दुखतंय. आज लक्षात आलं की मी पास झाले तरी ही खोली जाणारच. परीक्षा काम राखायची आहे, खोली नाही. हे डॉक्टर बोलले तेव्हाच कळायला हवं होतं, पण तेव्हा मी स्वतःच्याच काळजीत होते. वाईट वाटलं.

१७ मार्च, रविवार

आज सुट्टी, म्हणून वन्संची शिकवणी सकाळीच झाली. गरज वाढली की क्लाउडमधली मशीनं आपोआप वाढतात, कमी झाली की कमी होतात. मी दवाखान्याचंच उदाहरण दिलं. सोमवारी गर्दी, तेव्हा बाहेर खुर्च्या जास्त. गुरुवारी शुकशुकाट, तेव्हा खुर्च्या उचलून आत.

"वाढवायच्या हे कळलं," वन्सं म्हणाल्या. "उचलायच्या कशाला? राहिनात पडून."

"अहो, भाड्याच्या आहेत ना. जेवढ्या वापरू तेवढ्याचंच भाडं."

"असं होय. मग हे आधी का नाही सांगितलंस?"

खरंच, का नाही सांगितलं? मुद्दा तोच होता. पण विचारायची पद्धत बघा. मी शिकवतेय आणि चूकही माझीच. तीस-पस्तीस वर्षं या बाईंनी मुलांना शिकवलं कसं असेल? नवऱ्याला तसं म्हटलं तर म्हणाला, "ताईच्या वर्गात कुणी नापास होत नसे." पेपर सोपे काढत असतील.

२२ मार्च, शुक्रवार

सराव परीक्षा दिली. नापास. थोडक्यात नाही, चांगली सणसणीत. प्रश्न वाचला की चारही उत्तरं बरोबर वाटतात.

टेबलावर डोकं ठेवून बसले होते. वन्संनी चहा आणून ठेवला आणि विचारलं, "चुकलं कुठे?" मी म्हटलं, सगळीकडे. "सगळीकडे कुणाचंच चुकत नाही. एक दाखव." दाखवलं. मग तेच, मला नाही कळलं, परत सांग. चहा निवला. पण सांगता सांगता मला माझी चूक दिसली. माणूस कोण आहे हे ओळखणं वेगळं आणि त्याला कुठल्या खोलीत सोडायचं हे ठरवणं वेगळं. दवाखान्यात सगळ्यांचे चेहरे ओळखीचे, म्हणून काही ऑपरेशनच्या खोलीत सगळ्यांना सोडत नाहीत. मी दोन्ही एकच धरून चालले होते.

तशी मी शिकवण्यात वाईट नाही. वन्संसारखीलाही कळेल असं सांगता येतं मला. हे माझ्यात आहे हे आजवर माहीत नव्हतं.

२६ मार्च, मंगळवार

एक गंमत. मी सांगत होते की क्लाउडवाल्यांच्या मोठ्या प्रदेशात वेगवेगळ्या इमारती असतात, एकीतली वीज गेली तर दुसरी चालू राहावी म्हणून. वन्सं म्हणाल्या, "काल उलटं सांगितलं होतंस. इमारतीत प्रदेश."

मी म्हटलं, शक्यच नाही. त्या म्हणाल्या, "असेल, माझंच लक्ष नसेल." नंतर मी कालचा कागद काढून बघितला. इमारतीत प्रदेश असंच लिहिलं होतं. चुकून बरोबर निघाल्या.

३० मार्च, शनिवार

सराव परीक्षेत पास. अगदी काठावर, पण पास. खरी परीक्षा पुढच्या शनिवारी घरूनच द्यायची आहे. कॅमेऱ्यातून कुठूनतरी एक पर्यवेक्षिका आपल्यावर डोळा ठेवून असते. खोलीत दुसरं कुणी नको, टेबलावर कागद नको, बोलायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही. वन्संनी स्वतःहून त्यांची खोली देऊ केली, कारण टेबल आणि बंद करता येणारं दार, दोन्ही असलेली घरात तेवढीच खोली आहे. त्या दाराला वर काच आहे, ती झाकावी का विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे, मी बाहेर बसते. कुणी आलं तर परतवीन."

आज मी सराव परीक्षा देत असताना त्या पूर्णवेळ समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. विणकाम नाही, काही नाही. मला अगदी चीड आली. शेवटी म्हटलं, "काय बघताय?" म्हणाल्या, "तोंड मिटून बस जरा. कोरडं पडेल." आता माझ्या तोंडाचीही काळजी यांनाच.

६ एप्रिल, शनिवार

सगळं संपलं. लिहावंसंही वाटत नाही, पण लिहिते.

सुरुवात चांगली झाली. खोलीच्या चारही भिंती कॅमेऱ्याला दाखवल्या, टेबलाखालीसुद्धा. पहिले प्रश्न सोपे आले. थोड्या वेळाने पडद्यावर पर्यवेक्षिकेचा निरोप आला, "प्रश्न मोठ्याने वाचू नका." मी कुठे वाचत होते? मी चूप होते. म्हटलं, दुसऱ्या कुणाचा निरोप मला आला असेल. पुढे गेले. परत निरोप, "ओठ हलवू नका, परीक्षा थांबवली जाईल." मी हाताने खूण केली, नाही म्हणून. नंतर एक लांबलचक प्रश्न आला, किल्ल्यांचाच होता, मला येत होता. मी तो नीट वाचत होते आणि नेमकी दाराची घंटा वाजली. पार्सलवाला. वन्सं त्याला म्हणाल्या, "हळू बोला, आत परीक्षा चालू आहे." मला आतपर्यंत ऐकू आलं. आणि पडदा बंद. खोलीत बोलण्याचा आवाज आला, नियमभंग, परीक्षा रद्द.

मी बाहेर आले आणि वन्संना नको नको ते बोलले. तुम्हाला गप्प बसता येत नाही. आल्यापासून माझ्या प्रत्येक गोष्टीत तुमचं नाक. एका दिवसापुरतं माझं काम तुम्हाला सांभाळता आलं नाही. पार्सलवाला खोका घेऊन दारातच उभा होता, त्याने सगळं ऐकलं.

वन्सं म्हणाल्या, "हो. माझ्यामुळेच झालं." एवढंच. आणि त्या उलट बोलल्या नाहीत म्हणून मी आणखी बोलले.

७ एप्रिल, रविवार

वन्सं धाकट्या दिरांकडे गेल्या. म्हणाल्या, "तुझी दुसरी परीक्षा होईपर्यंत घर शांत राहू दे." परत एकदा बसता येतं. सत्तावीसची तारीख मिळाली, त्यानंतर महिना संपतो. नवरा त्यांना बसस्टॉपवर सोडून आला आणि माझ्याशी न बोलता पाना-पक्कड काढून नळ दुरुस्त करायला बसला. एवढ्या दिवसांनी. दुरुस्त झाला.

मला वाईट वाटलं का? थोडं. पण खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. आता मन लावून अभ्यास होईल. आता पास होऊनच दाखवते वन्संना.

११ एप्रिल, गुरुवार

घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता आहे. नळसुद्धा गळत नाही. अभ्यास मात्र होत नाही. तेच पान वाचते, मान हलवते, पुढचं पान वाचते, आणि लॅपटॉप मिटला की सगळं साफ. आज सराव परीक्षा दिली, गेल्या वेळेपेक्षा कमी पडले. हे कसं, कळत नाही. आता तर मध्ये मध्ये कुणी वेडे प्रश्नही विचारत नाही.

१४ एप्रिल, रविवार

नवऱ्याला समोर बसवलं आणि म्हटलं, मी शिकवते, तू ऐक. तो बिचारा बसला. मी सांगितलं, तो म्हणाला, "कळलं." पुढचं सांगितलं, "कळलं." मी विचारलं, काय कळलं? म्हणाला, "तू सांगितलंस ते." असा विद्यार्थी काय कामाचा? सगळं कळणाऱ्याला शिकवण्यात अर्थ नाही. त्याला सोडून दिलं.

मग समोरची रिकामी खुर्ची ओढली आणि खुर्चीलाच सांगायला लागले. कुणी बघितलं असतं तर दवाखान्यातच नेलं असतं, पण दुसऱ्या दवाखान्यात. सांगता सांगता मला कळायचं की इथे वन्संनी "म्हणजे कसं?" विचारलं असतं. मग मी थांबून ते शोधायची. असं करत संध्याकाळपर्यंत तीन धडे झाले, पक्के झाले. त्या नाहीत तर त्यांचे प्रश्न मला विचारावे लागतात, हे काय होऊन बसलंय माझं?

फोन करावासा वाटला. केला नाही. चूक त्यांची होती, फोन मी का करायचा?

१८ एप्रिल, गुरुवार

आज खोली बंद झाली. सगळी माहिती क्लाउडवर पोचली, जुळली, आणि मोठे डॉक्टर म्हणाले, आता जुनी मशीनं उतरवा. बंद करण्याचं काम मीच मागून घेतलं. एकेक मशीनचा क्रमांक यादीशी ताडायचा, मग बंद करायचं. शेवटचं बंद झालं आणि पंखे थांबले. इतक्या वर्षांत ती खोली मी कधी गप्प ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत कुणीतरी बोलत होतं. बारीक आवाजात, आकडे म्हणत होतं. मी मागे वळून बघितलं, दारात कुणी नाही. समोरचा पडदा काळा झाला होता, त्यात माझं तोंड दिसत होतं. ओठ हलत होते. यादीतला शेवटचा क्रमांक मी म्हणत होते, मनात नाही, तोंडाने. इतकी वर्षं पंख्यांच्या आवाजात मला तो कधी ऐकूच आला नाही.

मी तिथेच स्टुलावर बसले. पर्यवेक्षिकेचा पहिला निरोप आला तेव्हा पार्सलवाला आलाही नव्हता. दुसरा आला तेव्हाही नाही. हे सगळं मी त्याच दिवशी इथे लिहून ठेवलंय, माझ्याच हाताने, आणि मला दिसलं नाही.

मला माझी लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

सकाळपासून फोन हातात घेऊन ठेवतेय. काय म्हणायचं? फोनवर म्हणण्यासारखं ते नाही. परीक्षा झाली की जाऊन समोर सांगेन. ही पळवाट आहे, मला कळतंय. पण आत्ता सांगितलं आणि त्या एक शब्द गोड बोलल्या तर मी अभ्यासाला बसू शकणार नाही.

तपासनिसाला विचारलं, मी खरंच पुटपुटते का? तो हसलाच नाही. म्हणाला, "बाई, तुम्ही जिन्यात असता तेव्हा आम्हाला पायांच्या आधी तुम्ही ऐकू येता." मग उपाय काय, तर शिवणारी माणसं ओठांत टाचण्या धरून बसतात तसं बसून बघा म्हणाला, त्याची आई तसं करायची. घरी येऊन खरोखरच दोन टाचण्या धरल्या आणि एक धडा वाचला. टाचण्या दोन्ही पडल्या. परत धरल्या.

२४ एप्रिल, बुधवार

आधी खुर्चीला मोठ्याने सांगायचं, मग टाचण्या धरून गप्प वाचायचं. असा अभ्यास जगात कुणी केला नसेल. नवरा येता-जाता बघतो आणि खोकतो. आज पूर्ण सराव परीक्षा झाली, टाचणी पडली नाही. पास.

२७ एप्रिल, शनिवार

पास झाले.

टाचण्या अर्थातच नव्हत्या, पण त्या आहेत असं धरून बसले. लांब प्रश्न आला की ओठ घट्ट, इतके की नंतर दुखायला लागले. पर्यवेक्षिकेचा एकही निरोप नाही. शेवटी पडद्यावर "उत्तीर्ण" आलं तेव्हा मात्र ते मी मोठ्याने वाचलं, दोनदा.

मोठ्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "उत्तम. सोमवारी वर या, तुमचं टेबल माझ्या शेजारच्या खोलीत लावू." तिथे खिडकी आहे. शाल न्यायची गरज पडणार नाही.

नवरा म्हणाला, "म्हटलं होतं ना, होशील की." मग म्हणाला, "ताईला कळव." मी म्हटलं, कळवत नाही, उद्या जाऊन घेऊनच येते.

२८ एप्रिल, रविवार

धाकट्या दिरांकडे गेले. दार उघडंच होतं. आतून पुतणीचा आवाज येत होता, चांगला चढलेला.

"आत्या, किती वेळा सांगू तुला? आधी खालचे आकडे सारखे करायचे. मगच वरचे मिळवायचे."

"का पण?" वन्संचा आवाज. "वरचे वरच्यात, खालचे खालच्यात मिळवले तर काय बिघडतं?"

"असं कसं? अर्धी भाकरी आणि अर्धी भाकरी, तुझ्या हिशोबाने दोन चतुर्थांश होईल. म्हणजे परत अर्धीच. चालेल तुला?"

"अगं बाई. खरंच की."

मी चपला काढायच्या विसरून उंबऱ्यावर उभी राहिले. जन्मभर अपूर्णांक शिकवलेली बाई सहावीतल्या पोरीला विचारत होती, खालचे आकडे सारखे का करायचे. चेहरा तोच, कोरा. माझ्यासमोर महिनाभर टेबलापलीकडे होता तो.

जाऊ स्वयंपाकघरातून आली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ताई, वन्सं आल्यापासून रोज हिच्याकडून गणित शिकतायत. म्हणतात सगळं विसरले. मला काळजी वाटते हो. कुणाला दाखवायला हवं का?"

"नको," मी म्हटलं. "त्यांना काही झालेलं नाही."

"पोरीचं गणित मात्र सुधारलं हं एकदम."

मी म्हटलं, सुधारेलच.

वन्संना पास झाल्याचं सांगितलं तेव्हा "बरं झालं" म्हणाल्या आणि बॅग भरायला उठल्या. मला वाटलं होतं तोंडभर कौतुक होईल. झालं नाही. मलाही ते मागायचा हक्क नव्हता. जाऊने जेवून जा म्हणून आग्रह केला, तो मोडून आम्ही निघालो, कारण माझ्याच्याने जेवण झालं नसतं.

बसस्टॉपकडे जाताना बॅग मी घेतली. कोपऱ्यावर वळलो. मग मी सांगितलं. "वन्सं, त्या दिवशी तुमच्यामुळे काही झालं नव्हतं. माझेच ओठ हलत होते. मी वाचत होते, तोंडाने. तुम्हाला उगाच बोलले."

"माहीत आहे मला," वन्सं म्हणाल्या. "दाराच्या काचेतून दिसत होतं. त्याआधी सरावाच्या वेळीसुद्धा बघितलं होतं. सरळ सांगायला हवं होतं तेव्हाच. तू आधीच घाबरलेली होतीस, म्हणून राहिलं. ती चूक माझी."

"मग मी एवढं बोलले तेव्हा तरी सांगायचं होतंत. हो म्हणून का मोकळ्या झालात?"

त्या जरा चालल्या. मग म्हणाल्या, "तुला परत परीक्षेला बसायचं होतं. स्वतःवर चिडलेलं मूल वही मिटतं आणि उठून जातं, ते परत येत नाही. मी अशी बरीच घालवलीत. बाईंवर चिडलेलं मूल बसून राहतं, दाखवून द्यायला. माझ्यावर चिडलीस ते बरं झालं."

"आणि तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं की," वन्सं म्हणाल्या. "वाटणारच. घर सोडून आले मी."

मला रस्त्यातच रडू फुटलं. बॅग हातात, पदर नाही, रुमाल नाही, आणि मी भर रस्त्यात उभी राहून हुंदके देत होते. वन्संनी आपला रुमाल काढून दिला आणि माझा दंड धरला.

"रडायचं असेल तर कडेला उभी राहा," म्हणाल्या. "मागून सायकली येतायत."

आम्ही कडेला उभ्या राहिलो. एक बस गेली, ती आम्ही जाऊ दिली.